आत्याचा हक्क

वडिलांनी माझं नाव घ्यायला बंदी घातली तेव्हा मी वीस वर्षांची होते. ही बंदी त्यांनी अंगणात उभं राहून, चार माणसांच्या देखत घातली. गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. घरची उसाची जमीन होती. मी सासर सोडून आले होते. सासर पूर्वेला, वडूजच्या पलीकडे, कोरडवाहू मुलखात. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि मला तिच्या हाताखाली राहायला सांगितलं. मी राहिले नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते म्हणाले, "त्या नावाची पोर मेली. ह्या घरात कुणी ते नाव घेतलं तर त्याला माझी आण हाय."

मी मेले नव्हते. त्याच घरात पुढची तीन वर्षं भाकरी थापल्या, शेणी लावल्या, गुऱ्हाळावर डबे पोचवले. समोर असले की 'ए', माघारी असले की 'ती'. आईनं आण पाळली, दादानंही पाळली. शेजारणी आधी चुकायच्या, मग त्याही शिकल्या. लग्नात दिलेला तांब्याचा हंडा मी सासरहून परत आणला होता. त्याच्या काठावर माझं नाव कोरलेलं होतं. आबांनी तांबटाला बोलावून ती अक्षरं ठोकून बुजवली. हंडा वापरात राहिला. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं माझं दुसरं नाव सासरीच राहिलं. ते पुढं सवतीला दिलं की नाही, याची मी चौकशी केली नाही.

तीन वर्षांनी मामा मला सांगलीला घेऊन गेला. मी मराठी फायनल पास झालेली होते. त्याच्या ओळखीनं एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. संपादकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "बाई, आधी नावं तपासा, मग बाकीचं. माणूस सगळ्या चुका माफ करतो, आपलं नाव चुकलेलं माफ करत नाही." हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आबा वारले तेव्हा मला कळवलं नाही. तेरावं उरकल्यावर मामाला पत्र आलं. मी रडले नाही. वाईट एवढंच वाटलं, की माझ्याकडून परतफेड न घेताच ते सुटले.

पुढं दीड वर्षानं पोस्टकार्ड आलं. युद्ध चालू होतं, रॉकेलसाठी रांगा होत्या, तरी टपाल वेळेवर यायचं. कार्ड मामाच्या नावानं होतं. दादाला मुलगा झाला होता. 'बारसे सोमवारी योजिले आहे. तिला पाठवून द्यावे.'

दादाला मी का हवी होते, ते लगेच समजलं. आमच्याकडे आजोबा वारल्यावर जन्मलेल्या पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. ते नाव पाळण्यापाशी बाळाच्या कानात सांगायचं काम आत्याचं. दादाला सख्खी बहीण मी एकटीच. चुलत बहीण बोलावली असती तर भावकीनं विचारलं असतं, सख्खी असताना ही का? शिवाय मला टाकलेलं असलं तरी नवरा जिवंत होता, कपाळावर कुंकू होतं. पाळण्यापाशी मी चालत होते.

मामी म्हणाली, "कशाला जातीस? त्यास्नी नाव पायजे, तू नगंस."

"म्हणूनच जाते," मी म्हटलं.

रविवारी दुपारी पोचले. दादा सोप्यात सुतळी वळत होता. त्यानं वर पाहिलं, पण हाक मारली नाही. हाक मारायला त्याच्याकडे शब्दच नव्हता.

"आलीस व्हय. बरं झालं," तो म्हणाला. "उद्या आबांचं नाव ठिवायचं. तुझं तेवढंच काम हाय."

"ठेवते. एक अट हाय."

"कसली अट?"

"पाळण्यापाशी मला नावानं हाक मार. बायकांच्या देखत. एकदाच."

त्यानं सुतळी खाली ठेवली. "आबांची आण हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"आबा न्हाईत आता."

"माणूस गेला म्हणून आण जाती व्हय?"

"मग मी पण आणच पाळते. माझ्या तोंडातनं त्यांचं नाव निघणार न्हाई."

तो हसला. "लय शानी झालीस गं सांगलीला जाऊन. उद्या पन्नास बायका असतील. तिथं काय गप बसणार हाईस?"

मी गप्प बसणार नव्हते. पण काय बोलणार, ते त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी आई चुलीपाशी माझ्याजवळ सरकली. दाराकडे बघून तिनं माझं नाव घेतलं, अगदी हळू. साडेसहा वर्षांनी. मग म्हणाली, "आता तरी त्यांचं नाव ठीव." ते ऐकलं नसतं तर कदाचित मी विरघळले असते. तिनं माझं नाव माझ्यासाठी घेतलं नव्हतं. ते आबांच्या नावाचं मोल होतं, आणि तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं दिलेलं.

"भाकरी करपतीया," मी म्हटलं.

बारसं दुपारी झालं. पाळणा बांधला, बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं, गाणी झाली. दादा दारात उभा होता. सगळ्यात म्हाताऱ्या चुलतीनं मला पुढं बोलावलं, "ये गं, बाळाची आत्या." मी दादाकडे पाहिलं. पुरेसा वेळ दिला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान हलवली, लवकर उरक अशी.

मी वाकले. कुर्रर्र केलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं पाठीत धपाटे घातले, मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग उभी राहिले आणि तेच नाव मोठ्यानं सांगितलं.

ते आबांचं नव्हतं. भावकीत कुणाचंच नव्हतं. नाव चांगलं होतं, सुटसुटीत. पोराशी माझं वैर नव्हतं.

एक धपाटा अर्ध्यात थांबला. कुणीतरी म्हणालं, "अगं बया!" दादा दारातून आत आला, बायकांत शिरला. "परत सांग. नीट सांग."

"नीटच सांगितलं. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी ऐकलं."

"चुकून बोलली ती," दादा चुलतीला म्हणाला. "आवं काकू, परत घ्या की पाळण्यात."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "पोराचं कान दोनदा फुकायचं नसत्यात. जे पडलं ते पडलं." मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "बापावर गेलीस गं तू." त्या घरात माझ्याबद्दल बोललेलं ते सर्वांत खरं वाक्य होतं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी खाल्ल्या.

दादानं जाहीर केलं की घरात पोराला आबांच्याच नावानं हाक मारायची. इथं तो फसला. आईनं नवऱ्याचं नाव जन्मात तोंडावाटे काढलं नव्हतं. वहिनीला सासऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. पोर वाढवणाऱ्या दोघीच, आणि दोघींना ते नाव वर्ज्य. एरवी अशा पोराला 'बाबा' नाहीतर 'आबा' म्हणून वेळ निभावतात. पण इथं पाळण्यात पडलेलं, कुठलाही विटाळ नसलेलं एक नाव आयतं होतं. वहिनीनं पहिल्याच आठवड्यात ते उचललं, आईनं महिन्याभरात. हे सगळं मी सांगलीहून निघतानाच जोखलं होतं. दादानं दोन वर्षं एकट्यानं आबांच्या नावानं हाका मारल्या. पोर वळून बघायचं नाही.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तो दाखल्यावर आबांचं नाव लिहायला सांगणार होता. मास्तरांनी आधी पोरालाच विचारलं, "नाव काय रं गड्या तुझं?" पोरानं सांगितलं. मास्तरांनी लिहिलं. वहिनीनं हे मला पत्रातून कळवलं. पत्राच्या वर तिनं माझं नाव लिहिलं होतं, पूर्ण.

त्याच वर्षी आई आजारी पडली म्हणून गेले. अंगणात भावकीतले सात-आठजण समाचाराला बसले होते, त्यांत एक म्हातारे काकाही होते. पोर माझ्या मांडीवर येऊन बसलं.

"दादा," मी विचारलं, "पोराचं नाव काय रं ठेवलंस?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. पोर बापाच्या तोंडाकडे बघत होतं. दादानं पाळण्यातलं नाव सांगितलं.

"काकांस्नी ऐकू येत न्हाई," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं."

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं.