न टोचलेली गुंज

पुण्याच्या एका दुकानवाल्याने आमच्या बियावालीला फसवलं. सौदा मी जुळवून दिला होता, म्हणून मलाही फसवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो.

अक्कलकुव्यात माझ्या चांदीच्या दुकानामागच्या खोलीत ती राहायची. मूळची डोंगरातली. मी सायकलवरून वाळे-कडी विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. चांदीची गिऱ्हाइकं शेकड्यांनी पाहिली, पण माझ्याकडून तार घेऊन तिच्यात जंगलातल्या बिया जडवणारी ही एकटीच. सागरगोटा, जोडीला बांबूचं पेर, आणि सगळ्यांत लाडकी गुंज, लालभडक, काळ्या डोळ्याची.

प्रत्येक बी ती कानाशी धरून हलवायची, मग पाण्यात टाकायची. तरंगली की बाद. गुंजेला मात्र तिने कधी भोक पाडलं नाही. बीभोवती चांदीच्या चार बारीक नख्या वळवायच्या आणि ती अलगद धरायची. एका माळेला आठवडा जायचा. मी चिडायचो, "अगं, भोक पाड, दोऱ्यात ओव. दुपारपर्यंत माळ तयार!"

ती मान वर न करता म्हणायची, "शेठ, बी झोपेल शे. तिना पोटमा जहर शे. तिले उठाडानं नही."

साल शाबूत तोवर जहर आत कोंडलेलं. साल टोचली की तेच बाहेर. हे डोंगरात पोरासोरांनाही माहीत असतं. मला भाव माहीत होते. तारेच्या किमतीवरून मी हुज्जत घातली की ती हसायची, "तुम्हीन ते देवनाबी भाव करशात!"

पुणेवाला आला तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. "भाव तुम्हीन करा. फक्त इतलं लिखी ल्या, मन्हा नावनी गुंजले कोणी भोक पाडानं नही."

तिच्या नावाने, तिच्या घडणीच्या माळा तो विकणार होता, काही तिने पाठवलेल्या, बाकी पुण्यात करवलेल्या. मी दोन तास भांडलो. दर वाढवला, पाठवणीचा खर्च त्याच्या गळ्यात घातला. शेवटी तो म्हणाला, "शेठ, सगळं मान्य केलं. ती भोकाची ओळ तेवढी कशाला? विश्वास नाही का?" त्या ओळीतून पैसा सुटणार नव्हता. मी सोडून दिली.

"लिखं का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

काठी गावची होळी झाली त्या सकाळी आम्ही दोघं गर्दीतून परतत होतो. शहरातून आलेली एक बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. तिच्या गळ्यात गुंजेची माळ, माळेला बियावालीच्या नावाची चांदीची पट्टी, आणि माळेचं टोक बाळाच्या तोंडात. बियावाली धावली. तिने बाळाच्या तोंडात बोट घातलं आणि माळ हिसकावली. लोक "चोर, चोर" ओरडले. ती तिथेच मातीत बसली आणि एकेक बी चाचपू लागली. प्रत्येकीला आरपार भोक. दोरा एका जागी चावलेला, रिकामा.

"शेठ, एक कमी शे."

बाळाला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. दोन दिवस बियावाली दाराबाहेर बसून होती. बाळ रडलं की उठायची, गप्प झालं की जास्तच घाबरायची. दुसऱ्या संध्याकाळी ती बी बाळाच्या कुंचीच्या घडीत सापडली. बाळ हसत घरी गेलं.

ती माझ्याकडे वळली. "लिखेल व्हतं ना, शेठ?"

मी दुकानाच्या किल्ल्या चाचपत पायऱ्या उतरलो.

सकाळी तिने अवजारं पिशवीत भरली, घडवलेल्या साऱ्या माळा घेतल्या आणि पुण्याची गाडी धरली. विकलेली प्रत्येक टोचलेली माळ परत घ्यायची, तिच्या बदल्यात आपली द्यायची, म्हणाली. दुकानवाला म्हणतो, माळा कोणी नेल्या ते लक्षात नाही. ती रोज त्याच्या दुकानासमोर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गळे पाहते. रोज फोन येतो. एकदा म्हणाली, "आज एक भेटनी." त्यानंतर रोज एकच, "आज नही."

दुकानामागून हातोडीचा आवाज येत नाही. रस्त्यात लाल माळ दिसली की मी उठून उभा राहतो.

दुकानवाल्या, ती ओळ मी सोडली. त्याचा जाब तिला मी देईन. पण भोकं तू पाडलीस आणि पट्टी तिच्या नावाची लावलीस. किती माळा ओवल्यास? कोणाच्या घरात लटकताहेत? मला पैसे नकोत, माफी नको. नावं सांग.