आधी ऐकलेलं परत म्हणायचं

मंगळवार, ९ जुलै. सकाळी ढग, दुपारी ऊन. जिना धुण्याची पाळी माझी. बाजारात गूजबेरी स्वस्त झाल्या, घेतल्या. चार वाजता लेओकादियाबाईंकडे कॉफी. किंगा बाग सोडणार म्हणते.

ही किंगा आम्ही कधी पाहिलेली नाही. ती दूर लुब्लिनला राहते आणि आपल्या बागेवर ब्लॉग लिहिते. माझ्या समोरच्या दारातल्या लेओकादियाबाई तो वाचतात आणि खाली प्रतिक्रिया लिहितात. असे पाच-सहा ब्लॉग त्यांच्या वाचनात आहेत. कुणी पाव भाजतं, कुणी जुने रेडिओ दुरुस्त करतं. तुम्हीही एक काढा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "सगळेच बोलायला लागले तर ऐकायचं कुणी?"

बाईंची सगळी नोकरी इथे तोरुनच्या ट्राम डेपोत, नियंत्रण खोलीत झाली. ड्रायव्हर काय कळवतो ते ऐकायचं, त्याचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवायचं आणि मगच उत्तर द्यायचं, हा तिथला नियम. प्रतिक्रियाही त्या तशाच लिहितात. मजकूर दोनदा वाचतात, उठून भांडी घासतात, मग बसतात. लिहिणाऱ्याने काय म्हटलं ते आधी थोडक्यात, मग स्वतःचं एखादं वाक्य, आणि शेवटी असा प्रश्न की ज्याचं उत्तर त्या लिहिणाऱ्याशिवाय कुणाला देता येऊ नये. "छान", "मस्त" हे त्यांच्या हातून उतरत नाही.

ब्लॉगवरची मंडळी एकमेकांना सर्रास अरे-तुरे करतात. बाई मात्र "आदरणीय किंगाबाई" अशी सुरुवात करणार. एकाने टोमणा मारला, आजी, हा काय कोर्टातला अर्ज आहे का? बाईंनी त्यालाही "आदरणीय महोदय, होय, आजीच आहे" असं उत्तर दिलं. तो पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

तर किंगाची बाग. शहराबाहेर बागमंडळाने दिलेला लहानसा तुकडा, तिच्या वडिलांचा, आता तिच्या नावावर. नोकरी, दोन लहान मुलं, त्यात बागेत तण माजलेलं. जागा राखणार की सोडणार ते शनिवारच्या सभेत सांगा, असं मंडळाने तिला कळवलं होतं. सोडते, असं तिने ब्लॉगवर लिहून टाकलं. खाली प्रतिक्रियांचा ढीग पडला. हिंमत सोडू नकोस, फोटो सुंदर आहेत, देऊन टाक आणि मोकळी हो.

मी बाईंना म्हटलं, ती तुमचं ऐकते, सरळ लिहा ना, सोडू नका म्हणून.

"ट्राम तिची आहे, फेलित्सियाबाई," त्या म्हणाल्या. "ब्रेकवर पाय तिचा. मी इथे बसून कशी चालवू?"

बुधवारी त्यांनी काहीच लिहिलं नाही. गुरुवारी दुपारी मला वाचून दाखवलं:

"आदरणीय किंगाबाई, सगळी बाग आपल्याच्याने होत नाही, असं आपण लिहिलंत. मध्येच असंही लिहिलंत की रविवारी तिथल्या बाकावर बसलं की मुलं भांडत नाहीत. मला दोन्ही समजलं. बाग सोडली की पहिला त्रास संपेल. दुसऱ्या गोष्टीचं काय होईल ते मात्र मला समजलं नाही. त्या बाकावरून काय काय दिसतं?"

मला ते फारच कमी वाटलं. बाई निश्चिंत होत्या.

शुक्रवारी किंगाचं लांबलचक उत्तर आलं. बाकावरून गूजबेरीचं कुंपण दिसतं, वडिलांचं पाण्याचं पिंप दिसतं, आणि कुंपणापलीकडे आपल्या शेंगांच्या वेलांना जागा पुरत नाही म्हणून कुरकुरणारे शेजारचे म्हातारे गृहस्थ दिसतात. अर्धी जागा मला कसायला द्या, असं ते दर उन्हाळ्यात विचारत आले होते आणि वडिलांच्या मातीत परका हात नको म्हणून ती नाही म्हणत आली होती. हे लिहिता लिहिता ती थांबली असावी, कारण पुढची ओळ एवढीच होती: "मी त्यांना आज विचारते."

शनिवारी संध्याकाळी बातमी आली. सभेने मान्य केलं. अर्ध्या भागात म्हाताऱ्यांच्या शेंगा, अर्ध्यात बाक आणि गूजबेरी. बाग किंगाकडेच राहिली. खाली तिने लिहिलं होतं, "लेओकादियाबाई, तुम्ही मला अगं म्हणावं असं फार वाटतं. पण मी लहान, मी कसं सुचवणार?"

बरोबरच आहे, आमच्याकडे अहो-जाहो सोडायचं ते थोरल्यानेच सुचवायचं असतं, आणि तेही पेला हातात घेऊन. बाईंनी चेरीची घरची दारू काढली. कोपरात कोपर अडकवून प्यायचं आणि आपापलं नाव सांगायचं. किंगा लुब्लिनला, म्हणून तिच्या वतीने मी उभी राहिले.

प्यायलो. "लेओकादिया," त्या म्हणाल्या.

"फेलित्सिया," मी म्हणाले.

त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगं, किंगाचं नाव घ्यायचं होतं! आता झालं ते झालं. समोरासमोरच्या दारात म्हाताऱ्या झालो अहो-जाहो करत, आज तू त्यातून सुटलीस."

मग किंगासाठी पेले पुन्हा भरावे लागले. या वेळी मी नाव नीट घेतलं. लगेच त्यांनी लिहायला घेतलं, "किंगा, तू", आणि मी दार ओढून घेताना म्हणाले, "येते गं, लेओकादिया." जीभ जराशी अडखळली.

शनिवार, १३ जुलै. ऊन. गूजबेरीचा मुरंबा केला, सहा बरण्या. एकीचं झाकण नीट बसलं नाही, ती आधी संपवायची.