परतीच्या सीटचा कर

इतकी वर्षं खात्यात काढली, पण तो गुरुवार काही डोक्यातून जात नाही. निवृत्तीपूर्वी भोर तालुक्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्यातले बरेचजण अजून बाजारात भेटतात.

त्या महिन्यात दागिन्यांच्या चोऱ्या वाढल्या होत्या. सराफांची बैठक घेऊन मी बजावलं होतं की कुणी घाईघाईने जुनं सोनं मोडायला आणलं तर आधी ठाण्याला कळवा. त्याप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास भोरच्या एका सराफाचा फोन आला. "साहेब, एक बाई पाटल्या घेऊन आल्यात. पावती नाही. भावसुद्धा विचारत नाहीत, पैसे तेवढे लवकर द्या म्हणतात."

महिला हवालदाराला पाठवून मी बाईंना ठाण्यात आणवलं. बाईंच्या देखतच ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली: 'संशयित महिला, चोरीच्या सोन्याच्या संशयावरून चौकशीकामी आणली.' शब्द माझेच. खबर पक्की होती आणि मी खुशीत होतो.

बाई साठीच्या, उत्रोलीच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. पाटल्या कुणाच्या, विचारलं. "माज्याच." मोडता कशाला? गप्प. मालकांना माहीत आहे का? "व्हय." मग पैसे कशाला हवेत? पुन्हा गप्प. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. गप्प बसणारा माणूस पोलिसाला गुन्हेगारच वाटतो. खात्यातली ही जुनी खोड माझ्यातही होती. बाईंचं लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतंच. त्या सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

ते आमच्या महिला हवालदाराने हेरलं. तिने चहाचा कप पुढे करत विचारलं, "मावशी, कुठं वेळेत पोचायचंय का?"

"नसरापूरला. पाचाच्या आत. न्हाईतर लेकीकडं जाणं ऱ्हातंय बगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची एकुलती एक मुलगी लंडनला. पहिलं बाळंतपण, त्यात गुंतागुंत. डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि आईवडिलांचं विमान शनिवारचं होतं. वडिलांचा गुडघा वाकत नाही, म्हणून मुलीने परतीच्या प्रवासात त्यांच्यासाठी वरच्या वर्गाची ऐसपैस सीट घेतली होती. जाताना तशी जागा शिल्लक नव्हती. पासपोर्ट, व्हिसाची कामं नसरापूरच्या एका तिकीट एजंटाने केली होती. दोघांचे पासपोर्ट त्याने तपासणीच्या नावाखाली स्वतःकडेच ठेवले होते. मंगळवारी त्याने सांगितलं की वरच्या वर्गाच्या सीटवर देश सोडण्याचा वेगळा कर लागतो. तो गुरुवारी पाचच्या आत रोख भरा, नाहीतर यादीतून नावं जातील. रक्कम मोठी होती. पाटल्या मोडल्याशिवाय उभी राहण्यासारखी नव्हती.

"मग मुलीला का नाही विचारलं?"

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "लेकीच्या पैशाला आमी हात लावत न्हाई, सायेब. तिकिटं तिनं काडली, त्येचंच मालकांना जड झालंय. आन् तो तिकिटवाला पोरगा म्हनला, काकू, तिला सांगू नका, तिचा बीपी वाडंल."

एजंट याच भागातला. म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडणारा. आईबाप कुठे गप्प बसतील, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर असा कर असतो की नसतो हे मलाही माहीत नव्हतं. विमानतळावर काम केलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "कर खरा आहे. तिकडून निघताना लागतो, आणि सीट वरच्या वर्गाची असली की जास्त लागतो. पण तो तिकिटाच्या पैशातच येतो. नंतर वरच्या वर्गाची सीट घेतली तरी फरक विमान कंपनी तेव्हाच कापून घेते. एजंटाला रोख द्यायचा प्रश्नच नाही." म्हणजे मुलीने तो कर कधीच भरलेला होता.

माझे फौजदार म्हणाले, "साहेब, लगेच छापा घालू. पासपोर्ट जप्त करू." इथेच खरी मेख होती. छाप्यात सापडलेले पासपोर्ट म्हणजे मुद्देमाल. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागणार, आणि मधे फक्त शुक्रवार. आमची केस मजबूत झाली असती आणि बाईंचं विमान गेलं असतं. पासपोर्ट आधी बाईंच्या हातात पडायला हवे होते, आम्ही त्यानंतर आत शिरायचं. बाईंना हे समजावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आन् त्यानं न्हाईच दिलं तर?" मी फक्त खूण ठरवून दिली: पासपोर्ट मिळाले की दारात येऊन मालकांना हाक मारायची.

बाईंच्या मालकांना बोलावून पाटल्या घरच्याच असल्याची खात्री केली. सराफाकडून पाटल्यांचे पैसे घेतले, पंचांसमोर नोटांचे नंबर टिपले. साडेचारला आम्ही नसरापूरला पोचलो. बाईंचे मालक काठी घेऊन एजंटाच्या दुकानासमोरच्या रिक्षात बसले. मी आणि फौजदार साध्या वेशात दोन्ही पंचांसह शेजारच्या चहाच्या टपरीवर थांबलो. बाई एकट्याच आत गेल्या. त्यांच्या पिशवीतल्या मोबाईलवरून माझ्या फोनवर कॉल चालू होता.

"आणलेत ना काकू? द्या," एजंटाचा आवाज आला. "पासपोर्ट पुण्याच्या ऑफिसला गेलेत. शनिवारी विमानतळावर माझा माणूस तुमच्या हातात देईल."

बाईंनी पैसे दिले तर पासपोर्ट हातचे जाणार, आणि मी आत शिरलो तरी जाणारच.

"मग म्या हितंच बसते," बाई म्हणाल्या. "भाताचं पोतं आमी पैसं हातात पडल्याबिगर टेम्पोत चडू देत न्हाई. मागवा तुमी."

"अहो, पाच वाजत आले. यादी बंद होईल, मग मला बोल लावू नका."

"हू दे बंद."

फोनमध्ये फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. पाच वाजून गेले. चहा माझ्या हातात तसाच गार झाला. फौजदार दोनदा उठले, दोनदा मी त्यांना खाली बसवलं. ज्या बाईला सकाळी मी दम देत होतो, तिच्या धीरावर आता माझी सगळी केस उभी होती. शेवटी ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, मग नोटा मोजल्याचा. बाई दारात आल्या आणि ठरल्याप्रमाणे मालकांना हाक मारली, "अवो, चला. गावलं."

आम्ही आत शिरलो. ड्रॉवरमध्ये आणखी तीन घरांचे पासपोर्ट निघाले. एजंट आधी म्हणाला, "कर असतोच साहेब, नेटवर बघा." ते खोटं नव्हतं. मग त्याने बाईंच्या हाताकडे बोट दाखवलं. "ते पण जप्त करा की. मुद्देमालच आहे. नाहीतर इथंच मिटवू, त्यांचं विमान तरी चुकणार नाही."

"पंचनामा आता सुरू होतोय," मी म्हणालो. "ते आधीपासून त्यांच्या हातात आहेत."

पैसे मात्र जप्त झाले. दोन्ही पासपोर्ट पदरात गुंडाळून बाई रिक्षात जाऊन बसल्या. शनिवारी दोघं विमानात बसली, सोमवारी नात झाली. पैसे कोर्टातून सुटायला पुढे बरेच महिने गेले.

माणूस काहीतरी लपवतोय हे मला सकाळी बरोबर कळलं होतं. कुणापासून लपवतोय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. त्या दिवसानंतर प्रत्येक चौकशीत हा प्रश्न मी आधी विचारत आलो.

परत आल्यावर दोघं पेढे घेऊन ठाण्यात आली. बाई हसत सांगत होत्या, "ह्यांना पुडं बसवलं, मला मागं. काठी टेकत तीनदा मला बगायला आलं." मग म्हणाल्या, "सायेब, तुमच्या वहीत माजं नाव चोर म्हनून लिवलंय न्हवं? तेवडं खोडा."

स्टेशन डायरीत खाडाखोड करता येत नाही. मी तसं सांगितलं. मला फार शरम वाटली.

"मग लिवा की आज," त्या म्हणाल्या, "न्हवती म्हनून."

मी डायरी मागवली. ठाणे अंमलदाराला बाजूला सारून, तारीख वेळ टाकून स्वतःच्या अक्षरात नोंद केली: 'सदर महिला चोर नव्हती. पाटल्या तिच्याच होत्या.' खाली सही केली आणि दोघांना वाचून दाखवली.