सुतकाच्या दारात हसलो त्याची गोष्ट

नेसरीच्या स्टँडवर मला घालवायला अर्धी गल्ली आलती. पोरगा संभा गाडीत बॅगा भरत होता आणि मी टपरीपाशी उभा राहून मोठ्यानं सांगत होतो, "इंग्रजांच्या देशात जाऊन बी मी दबून बोलणार न्हाय!" आमचे वडील म्हणायचे, "शाळा सुटली तर सुटू दे, पर बोलताना मान खाली घालायची न्हाय." तुम्ही सगळे हसलात, टाळ्या दिल्यात. आज टपरीपाशी ओरडणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, म्हणजे मलाच, ओळखसुद्धा दाखवू नये असं वाटतं.

ग्लासगोला आलो. संभा आधी लंडनला नोकरीला होता, म्हणून त्याची इंग्रजी तिकडची. तिकडं शब्दाच्या शेवटचा र खातात. नात सई इथल्या शाळेत जाते. इथली माणसं र आपल्यासारखा कडक बोलतात, पण ट घशातच गिळतात. एका टेबलावर पाणी मागायचं तर लेक म्हणायचा 'वॉटऽ', नात 'वॉऽअर', आणि मी 'वाटर', दोन्ही अक्षरं ठोकून. "अक्षर हाय तर बोला की सगळं, फुकट जातंय काय?" मी म्हणायचो. सई पोट धरून हसायची. "आबा, तू बोलतोस का हातोडा मारतोस?"

घरात चाललं. पण एकदा दुकानातल्या पोरीनं मला तेच तेच परत विचारलं, मागं रांग लागली, आणि माझी जीभ बसली ती बसलीच. संभानं उपाय सांगितला, "आबा, बोलता न्हाय आलं तर नुसतं हसायचं. हितं चालतंय."

मी हसायला लागलो.

शेजारी रॉबर्ट. माझ्याच वयाचा, जन्मभर जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला. कुंपणावरनं बाजारातल्यासारखा मोठ्यानं बोलायचा. संभा त्याला 'रॉबट' म्हणायचा, सई शेवटचा ट गिळून 'रॉबर'. मी काहीच म्हणायचो नाही. हसायचो.

मग त्याची बायको गेली. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं कडू घास न्यायचा, हे तुम्हाला काय सांगायचं? सूनबाईनं पिठलं-भाकरी केली, डबा घेऊन मी एकटाच गेलो. रॉबर्ट दारात आला, डोळे सुजलेले. आपल्यात डबा नुसता ठेवून येत नाहीत. 'दोन घास खा बाबा' म्हणून गळ घालावी लागते. एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या मागं लंडनकडचे पाव्हणे उभे होते, माझ्या तोंडाकडं बघत. माझा ट, माझा र, सगळं आतच राहिलं. आणि मी हसलो. दात दिसतील असा.

त्यानं डबा घेतला. दार लावलं.

घरी येऊन सांगितलं तर संभा म्हणाला, "त्यास्नी काय वाटत न्हाय, आबा."

"मला वाटतंय की!" मी ओरडलो. गावात असा कोण हसला असता तर मीच त्याला बखोट धरून बाहेर काढला असता.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे निघाले तेव्हा मी खिडकीत होतो. रॉबर्ट काहीतरी सांगत होता आणि त्याच्याच भाच्याला ते कळत नव्हतं. 'काय? काय?' करत होता. इंग्रजाला इंग्रजाचं कळेना. पण रॉबर्ट दबला नाही. बायकोला पोचवून आलेला माणूस, तेच परत तेवढ्याच मोठ्यानं बोलला, गिळलेल्या ट सकट. मला खिडकीत उभं राहवेना.

परत डबा करायला लावला. दारात जाऊन म्हणालो, "रॉबर्ट. ईट." सगळी अक्षरं ठोकून. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मी हसलो नाही. "अगेन," म्हणालो. तो सावकाश बोलला: एकट्याला घास उतरत नाही. मग मी आत गेलो, त्याच्या टेबलाशी बसलो आणि पहिली भाकरी मोडली.

आता रोज जातो. पण त्या हसण्याबद्दल अजून बोललो नाही. तेवढी इंग्रजी मला येत नाही, आणि संभाला मध्ये घालणार नाही, माझं मीच बोलणार. तुम्ही फोनवर विचारता, घरी कवा येणार? गड्यांनो, घर म्हटलं की आधी नेसरीचा उंबरा दिसायचा. आता हा शेजारचा दिसतो. तिथं मला एक शब्द बोलायचा आहे, आणि तो बोलल्याशिवाय मी कुठल्या तोंडानं तुमच्या दारात उभा राहू?