तळाला टेकलेली रेघ

रुग्णालयाच्या रक्ततपासणी खोलीत सगळे तिला आत्या म्हणत, आणि पाठीमागे ‘रेघवाली’. मशीनने आकडा दिला तरी तो ज्यावरून निघाला ती आलेखाची रेघ पाहिल्याशिवाय ही बाई सही करत नसे. रिपोर्टसाठी डॉक्टर फोनवर डोकं खात, पण आत्या ढिम्म.

त्या दुपारी बेकरीवाल्याच्या बायकोचं रक्त आलं. दाढदुखीपायी तिने चार दिवस वेदनाशामक गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या खाल्ल्या होत्या. आता उलट्या आणि गुंगी. अशा गोळ्यांच्या अतिरेकाने यकृत दुखावलं की त्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं, तेच मोजायचं होतं. आकडा आला बारा, म्हणजे ठणठणीत माणसाचा. डॉक्टर तिला घरी सोडायच्या तयारीत होते.

आत्याने रेघ काढली. या तपासणीत एन्झाइम कामाला लागलं की त्याच्या जोडीला घातलेलं सहविकर, म्हणजे मदतनीस रसायन, खर्ची पडतं आणि रेघ खाली उतरते. मिनिटाला किती उतरली, त्यावरून एन्झाइम किती ते कळतं. ही रेघ उतरतच नव्हती, आडवी पडली होती.

“चुकीच्या नळीत रक्त घेतलं असेल,” शेजारची सहकारी म्हणाली. “गोठू नये म्हणून घातलेलं औषध कधीकधी एन्झाइमलाच अडवतं.”

नळी बरोबर होती. शिवाय एन्झाइम अडलं असतं, तर सहविकर शिल्लक राहून रेघ वर थांबली असती. ही पहिल्या ठिपक्यापासून तळाला होती. म्हणजे मोजणी सुरू व्हायच्या आधीच सहविकर संपलं होतं. एन्झाइम म्हणजे जणू पीठ मळणारे हात, आणि ते इतके, की मोजायला जाईपर्यंत पीठच संपलेलं. आणि रिकामे बसलेले पाहून आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे!

तिने नमुना पन्नास पट पातळ करून पुन्हा लावला. आता रेघ नीट उतरली. हिशेब सहा हजारांवर गेला.

“डॉक्टर, तिला सोडू नका,” तिने फोनवर सांगितलं. तासाभरात उताऱ्याचं औषध सुरू झालं.

महिन्याभराने बेकरीवाला गरम पाव घेऊन आला. “ताई, आज ती पहिल्यांदा भट्टीपाशी उभी राहिली. तुमच्यामुळे माझं घर राहिलं.” त्याने पाव तिच्या हातात ठेवला.

आत्या तो पाव आणि ती रेघ घेऊन थेट आपल्या म्हाताऱ्या सरांकडे गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांनी तिला घड्याळ लावून दर पंधरा सेकंदांनी आलेखावर हाताने ठिपके काढायला लावले होते. तेव्हा तिने मनातल्या मनात त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली होती.

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. बोटाने रेघेची सुरुवात शोधली.

“पहिलाच ठिपका तळाशी,” ते हळूच म्हणाले. “माणूस वाचला का गं?”

“हा पाव तिनेच भाजलाय, सर. त्या ठिपक्यांबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.”

सरांनी पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्या हातात दिला.