फाटकापलीकडचा मलिदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पनवेलच्या त्या रेल्वे फाटकावर आता पूल झालाय. तरी गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा वास आला, की मी त्या बंद फाटकापाशीच उभा असतो.

त्या दिवशी फाटकापलीकडे रिबेका होती. घरचे सगळे इस्रायलला निघालेले. प्रवासाआधी त्यांच्या ज्यू घरांत अशाच गोड पोह्यांचा मलिदा करतात, त्याचा पुडा तिच्या हातात होता. "मी इथंच राहू का, ते उद्या फाटकाशी येऊन सांग," असं तिनं आदल्या दिवशी बजावलं होतं.

"लग्नाची घाई हाय का? गाडी जाऊ दे की!" फाटकवाला मला हसला.

मालगाडी आडवी आली आणि मी सायकल वळवली. डब्यांच्या फटींतून तिला ते दिसलं असावं.

"अरे, मलिदा तरी घेऊन जा!" ती पलीकडून ओरडली.

तेव्हा वाटलं, सुटलो. तिला उत्तर द्यायचं अजून राहिलंय.