विहारात मी केलेली घोषणा

आमच्या वस्तीत एका मुलीचं उदाहरण देतात. तिने हट्टाने पुण्याला जाऊन एमबीए केलं, बापाला कर्जात घातलं आणि शेवटी हायवेवरच्या गोदामात कामाला लागली, असं म्हणतात. मुलगी खरी आहे, कर्ज खरं आहे, गोदामही खरं आहे. हट्ट तिचा नव्हता. तो माझा होता, आणि इतकी वर्षं मी ते ऐकून घेत गप्प राहिलो.

मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांत शिकवलं. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीचा अध्यक्ष झालो. मुलीचा बाप माझा विद्यार्थी. तो मुरबाडच्या एका कारखान्यात कायम कामगार. त्याचा पगार शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या जरासा वर होता, त्यामुळे मुलीला पुढे शिकायचं तर कर्जच काढावं लागणार होतं.

मुलगी बीएस्सी झाली त्या उन्हाळ्यात, एका दुपारी, ती माझ्या ओटीवर येऊन बसली.

"गुरुजी, बाबा म्हणतात एमबीए कर, कर्ज काढू. मला नाय जायचं."

"घाबरतेस?"

"घाबरत नाय. पण बाबांना अजून सांगितलं नाय. इथं कारखान्यात लॅबमध्ये बोलावलंय मला. दोन वर्षं हात बसू दे, मग बघते. ते कॉलेज पुण्यात म्हणतात, पण हाय कुठंतरी माळावर. शिकून निघालेली पोरं कुठं लागली, विचारलं मी फोनवर. तर बाई म्हणते, आधी सीट बुक करा."

मी हसलो. तीही हसली.

"बाबांना तुमी सांगा ना. तुमचं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो. तिचा हिशेब बरोबर होता आणि तो मला तेव्हाच पटला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण मला समजलं नव्हतं अशी सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली आहे.

दुसऱ्या दिवशी विहारात मुलांचा गुणगौरव होता. शेजारच्या गावाने आठवडाभर आधी त्यांचा कार्यक्रम केला होता. तिथला एक मुलगा परदेशी शिकायला निघाला होता, आणि त्याच्या सत्काराचा व्हिडिओ आमच्या वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होता. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दहावी-बारावीच्या मुलांना वह्या आणि पेनं देऊन झाली, लोक उठायला लागले, आणि मी माइक हातात घेतला. आपल्या वस्तीची पहिली मुलगी स्वतःच्या हट्टाने एमबीए करायला पुण्याला चालली आहे, असं जाहीर केलं. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज हे कर्ज नसतं, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या.

आमच्याकडे अशा वेळी लोक पुढे येऊन पैसे देतात आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. महिला मंडळाने दिले. करवंदं विकणाऱ्या एका म्हातारीने कनवटीची नोट काढून मुलीच्या मुठीत कोंबली. "बाय माजी, मोठी सायबीण हो. आमाला इसरू नको गो." एकदा ते पैसे सगळ्यांसमोर घेतले की माघार नसते. नाही म्हणणं म्हणजे त्या म्हातारीची नोट परत करणं. बाप पहिल्या रांगेत बसून रडत होता, आनंदाने.

बाहेर चपला घालताना ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुमी बाबांशी बोलणार होतात."

"बोललो की. सगळ्यांसमोर बोललो."

मला ते उत्तर तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

शहापूरच्या बँकेत सह्या झाल्या. ती गेली, शिकली, पासही झाली. कॉलेजने मिळवून दिलेली नोकरी म्हणजे विमा विकायचा, आणि तोही कमिशनवर. ती परत आली तोवर लॅबमधली जागा भरली होती. आता ती गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या नोंदी कॉम्प्युटरवर करते. पगारातला मोठा भाग हप्त्याला जातो, उरलेला हप्ता बाप ओव्हरटाइम करून भरतो. स्थळं येतात, मुलगी पसंत पडते, मग कोणीतरी विचारतं, हप्ता लग्नानंतर कोणी भरायचा? तिथे बोलणं थांबतं. घरात काही बिनसलं की बाप तिला म्हणायचा, "विचार तुझ्या एमबीएला." ती कधी उलट बोलली नाही. माझं नावही तिने घेतलं नाही.

या हिवाळ्यात, म्हसा गावची जत्रा उलगडल्यावर, मी तिच्या बापाच्या घरी गेलो. तो अंगणात वालाच्या शेंगा सोलत होता. मी सगळं सांगितलं. त्याचे हात चालूच राहिले, मग थांबले.

"म्हंजे तिला जायचंच नव्हतं?"

"नाही."

"आणि तुमाला म्हायती होतं."

"हो."

त्याने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मी तिला काय काय बोललोय गुरुजी, तुमाला नाय ठाऊक."

माझ्या पेन्शनमधून हप्त्याला काही देईन, असं मी म्हणालो. "ठेवा," तो म्हणाला. "औषधाला लागंल." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला वाटलं होतं, खरं कळलं की निदान मुलीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. काही दिवसांनी ती कामावर जाताना माझ्या दारात थांबली, आत आली नाही.

"कशाला सांगितलंत? आधी बाबा चिडायचे, पण जेवायचे तरी. आता माझ्याकडं बघत पण नायत. ताट तसंच राहतं."

"खरं होतं म्हणून सांगितलं."

"तेव्हा पण खरंच होतं, गुरुजी."

ती निघून गेली. मी कमिटी सोडली. त्याने कोणाचं काही अडलं नाही. तिचा बाप रस्त्यात भेटला की पूर्वीसारखाच जय भीम करतो आणि न थांबता पुढे जातो. तो वाळत चालला आहे. हप्ते संपायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर मी असेन असं वाटत नाही, आणि असलो तरी माझा त्यांना काही उपयोग नाही.